भोपाळच्या मुक्कामी कॅरव्हॅनची बॅटरी का उतरते? चार्जिंग यंत्रणेतील बिघाड आणि देखभाल

मध्य भारत स्वतःच्या वाहनातून, सवडीने पाहू इच्छिणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांसाठी भोपाळ हे सोयीचे केंद्र आहे. १९८९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले सांचीचे स्तूप आणि २००३ मध्ये त्या यादीत समाविष्ट झालेली भीमबेटक्याची शैलाश्रये या दोन्ही स्थळांचे भोपाळपासूनचे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. भोजपूरचे अपूर्ण राहिलेले शिवमंदिर त्याहूनही जवळ. शहरात मोठा तलाव आणि वनविहार. मध्य प्रदेश हे देशात कॅरव्हॅन पर्यटनाला लवकर हात घालणाऱ्या राज्यांपैकी एक; तेथील पर्यटन विकास महामंडळाने ‘हॉलिडे ऑन व्हील्स’ या नावाने कॅरव्हॅन चालविल्या. पुढे महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाची धोरणे आखली. मिनी बस किंवा व्हॅनचे चालत्या घरात रूपांतर करून घेणारी कुटुंबेही आता नवलाईची राहिलेली नाहीत.

अशा वाहनाच्या प्रवासात हमखास आढळणारी एक तक्रार भोपाळसारख्या ठिकाणीच डोके वर काढते. पणजीहून बेळगाव, पुणे, धुळे, इंदूर या मार्गाने सुमारे बाराशे किलोमीटर येईपर्यंत सारे सुरळीत असते. मुक्काम पडतो आणि दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो, दिवे मंदावतात, पाण्याचा पंप कण्हू लागतो. जवळच्या गॅरेजमध्ये निदान होते ते ‘बॅटरी गेली’ असे. नवी बॅटरी बसते, काही हजार रुपये जातात आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा तोच अनुभव येतो. कारण बहुतेक वेळा दोष बॅटरीत नसून तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या चार्जिंगमध्ये असतो. बॅटरी बदलण्याआधी मोजमाप करणे हा या विषयातील पहिला आणि सर्वांत स्वस्त नियम आहे.

दोन बॅटऱ्या, तीन स्रोत

कॅरव्हॅनमध्ये सामान्यतः दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून निघते. दुसरी राहत्या भागातील दिवे, पंखे, फ्रिज आणि पंप यांच्यासाठी. ती तासन्‌तास मंद गतीने रिकामी होत असते. सोयीसाठी या दुसरीला येथे ‘घरबॅटरी’ म्हटले आहे. दोघींचे काम भिन्न असल्याने बांधणीही भिन्न असते. इंजिनाची बॅटरी घरबॅटरी म्हणून वापरल्यास वारंवारच्या खोल उपशाने ती थोड्याच महिन्यांत निकामी होते.

घरबॅटरी तीन मार्गांनी भरते. पहिला मार्ग इंजिनावरील अल्टरनेटरचा, दुसरा मुक्कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरचा आणि तिसरा छपरावरील सौर पॅनेलचा. तिन्ही मार्ग अखेर एकाच बॅटरीला येऊन मिळतात. त्यामुळे एक मार्ग बंद पडला तरी बाकीचे दोन काही काळ उणीव झाकून टाकतात. लांबच्या प्रवासात अल्टरनेटर भरपूर वीज देतो, म्हणून सौर पॅनेलची सुटलेली वायर कोणाच्या लक्षात येत नाही. वाहन थांबले की ती उणीव उघडी पडते. भोपाळला बिघडलेली वाटणारी यंत्रणा प्रत्यक्षात गोव्यातून निघतानाच अर्धी बंद असू शकते.

मुक्कामाचा हिशेब

मार्च महिन्यातील एका साध्या दिवसाचा हिशेब पाहू. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाचा सुमारे ४० टक्के वेळ चालला तर २४ तासांत ३६ अँपिअर-तास घेतो. दीड अँपिअरचा पंखा दहा तासांत १५ घेतो. दिव्यांचे ५, मोबाइल व लॅपटॉपचे ८ आणि पंपाचे २ धरले तर एकूण खर्च ६६ अँपिअर-तासांवर जातो. दीडशे अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसा करू नये, असा संकेत आहे. म्हणजे हाताशी असतात फक्त ७५.

आता भरपाई. भोपाळहून सांचीला जाऊन परत येण्यात वाहन सुमारे दोन तास चालते. बारीक वायर आणि साधा रिले असलेल्या जोडणीतून घरबॅटरीकडे सरासरी दहा अँपिअर पोहोचले, तर दोन तासांत २० अँपिअर-तास परत येतात. पहिल्या दिवसाअखेर ४६ ची तूट राहते. दुसऱ्या दिवसाचा खर्च तीत मिळवला की ११२ होतात आणि ७५ ची मर्यादा दुसऱ्याच रात्री ओलांडली जाते. बॅटरी नवीकोरी असली तरी निकाल हाच. याउलट तीच जोडणी २५ अँपिअर देत असेल, तर दिवसाला ५० परत मिळतात आणि उरलेली १६ ची तूट छपरावरचे एक पॅनेल सहज भरून काढते. मुक्काम दोन दिवसांत आटोपता घ्यायचा की आठवडाभर राहायचे, हे अशा रीतीने बॅटरीच्या आकारापेक्षा चार्जिंगच्या वाटेवर ठरते.

मोजणीचा क्रम

तपासणीसाठी एक डिजिटल मल्टिमीटर पुरतो. क्लॅम्प मीटर असल्यास उत्तम; मात्र स्वस्त क्लॅम्प मीटर बहुधा केवळ घरगुती एसी प्रवाह मोजतात, कॅरव्हॅनसाठी डीसी प्रवाह मोजणारा हवा.

पहिली मोजणी विश्रांतीतील बॅटरीची. सर्व उपकरणे आणि चार्जिंगचे मार्ग बंद ठेवून काही तासांनी, शक्यतो पहाटे, थेट बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहावे. शिसे-आम्ल बॅटरीत १२.७ व्होल्टच्या आसपासचा आकडा पूर्ण भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ निम्मी आणि १२.० पावभर अवस्था दर्शवितो. ११.८ म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. चार्जिंग थांबवल्यानंतर लगेच दिसणारा आकडा फसवा असतो. पृष्ठभागावरील भार ओसरेपर्यंत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. भिंतीवरील नियंत्रण पॅनेलवर दिसणाऱ्या आकड्यावरही विसंबू नये, कारण तो अनेकदा वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजलेला असतो.

दुसरी मोजणी इंजिन सुरू करून. इंजिनाच्या बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर काम करीत आहे. आकडा १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर पट्टा सैल असणे, अल्टरनेटरचे ब्रश झिजणे किंवा रेग्युलेटर बिघडणे यांपैकी काहीतरी संभवते. १५ व्होल्टच्या वर आकडा गेल्यास रेग्युलेटर निकामी झाला असून दोन्ही बॅटऱ्या उकळण्याचा धोका आहे. अशा वेळी वाहन पुढे न नेता दुरुस्ती करून घ्यावी.

तिसरी मोजणी लगेच, इंजिन चालू असतानाच, घरबॅटरीच्या टर्मिनलवर. साध्या रिलेच्या जोडणीत दोन बॅटऱ्यांवरील आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत हरवलेला दाब. फरक पाव व्होल्टपेक्षा कमी असल्यास चिंता नाही. तो अर्धा व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही; मग अल्टरनेटर कितीही चांगला असो.

वाटेत हरवणारे व्होल्ट

बारा व्होल्टच्या यंत्रणेत ही हानी किती सहज होते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. दहा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १.८ मिलिओहम असतो. पुढील बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत जाण्या-येण्याची लांबी दहा मीटर आणि प्रवाह तीस अँपिअर धरला, तर वायरमध्येच सुमारे ०.५५ व्होल्ट खर्ची पडतात. १४.४ चे १३.८५ होतात. पंचवीस चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास हीच हानी ०.२२ व्होल्टवर येते.

वायर योग्य जाडीची असूनही हानी होत असेल तर दोष जोडांमध्ये शोधावा. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरच्या दोन सुया फ्यूजच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात. निकोप फ्यूज व त्याच्या खोबणीवर काही शतांश व्होल्टच दिसायला हवेत. ०.१ च्या वर आकडा गेला तर तो जोड तापत असणार. हीच पद्धत प्रत्येक टर्मिनल, मास्टर स्विच आणि चासीला जोडलेली अर्थची वायर यांना लावावी. चासीचा जोड सर्वाधिक दुर्लक्षित असतो. रंगाच्या थरावर किंवा गंजावर आवळलेला बोल्ट बाहेरून घट्ट दिसतो, पण प्रवाह जाऊ देत नाही. नीट न दाबलेले थिंबल हेही नेहमीचे कारण. थिंबलमधून वायर ओढली असता हलत असेल, तर ते कापून नवे बसवावे.

रिले आणि डीसी-डीसी चार्जर

जुन्या वाहनांत दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले असतो. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज सुमारे १३.३ च्या वर गेले की तो जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या अनेक वाहनांत इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवितो. इंजिनाची बॅटरी भरली की तो ते खाली आणतो आणि रिले सुटून जातो. चालक तासभर गाडी चालवतो, पण घरबॅटरीला त्यातील दहा-पंधरा मिनिटांचेच चार्जिंग मिळते. अशा वाहनात रिले बदलून उपयोग नसतो. मिळेल त्या व्होल्टेजमधून बॅटरीला हवे ते व्होल्टेज तयार करणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.

डीसी-डीसी चार्जर असूनही चार्जिंग होत नसेल, तर आधी त्याला ‘इंजिन सुरू आहे’ हे सांगणारी बारीक संकेत-वायर तपासावी. ती सुटली किंवा तिचा छोटा फ्यूज उडाला की चार्जर चांगला असूनही मुका बसतो. त्यानंतर चार्जरच्या प्रवेशाच्या आणि निर्गमाच्या बाजूंचे व्होल्टेज पाहावे. प्रवेशाला वीज आहे, संकेत आहे आणि तरीही निर्गमाला काही नाही, एवढे सिद्ध झाल्यावरच चार्जरला दोषी ठरवावे.

मुक्कामाच्या विजेवरील चार्जर

हॉटेलच्या आवारात किंवा कॅम्पिंगच्या जागी मिळणारा सॉकेट अनेकदा साधा सहा अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून १३८० वॅट मिळतात. तीस अँपिअरचा बॅटरी चार्जर पाचशे वॅटच्या आसपास घेतो. म्हणजे चार्जरपुरता हा सॉकेट पुरेसा आहे. त्याच्या जोडीला एक टनाचा एसी किंवा पाण्याची किटली लावली की एमसीबी पडतो आणि ते लक्षात न आल्यास रात्रभर बॅटरी भरतच नाही. सोळा अँपिअरचा सॉकेट न मिळाल्यास आधी बॅटरी, मग बाकीचे असा क्रम ठेवावा.

वायरची गुंडाळी पूर्ण सोडूनच वापरावी. गुंडाळलेली लांब वायर भाराखाली तापते. जोडणी करताच सॉकेट टेस्टरने अर्थिंग आहे की नाही, फेज आणि न्यूट्रल उलटे नाहीत ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. वाहनाचे सांगाडे धातूचे आणि चाके रबराची. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर दोष उद्‌भवल्यास दाराची कडी धरणारी व्यक्ती हाच विजेला जमिनीकडे जाण्याचा मार्ग ठरू शकते. वाहनात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविलेला असावा आणि त्याचे चाचणी-बटण दर महिन्याला दाबून पाहावे.

चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. पाणी घालायची ट्यूब्युलर, सीलबंद आणि लिथियम या तिन्हींचे चार्जिंगचे आकडे वेगळे आहेत. बॅटरी बदलली आणि चार्जरवरील निवड तीच राहिली, हे अकाली बिघाडाचे अगदी साधे आणि फार वेळा आढळणारे कारण आहे.

सौर पॅनेल

भोपाळचे अक्षांश सुमारे २३ अंश १५ कला. कर्कवृत्त शहराच्या थोडे उत्तरेला, सांचीला जाताना वाटेतच लागते. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी बारालाही तो क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच राहतो. गोव्यात त्याच दिवशी तो ५१ अंशांवर असतो. छपरावर आडव्या बसविलेल्या पॅनेलला त्यामुळे हिवाळ्यात गोव्यापेक्षा भोपाळला कमी ऊन मिळते. २०० वॅटचे पॅनेल निरभ्र आकाशाखाली डिसेंबरात दिवसाला ४० आणि मार्च-एप्रिलमध्ये ६० अँपिअर-तासांच्या आसपास देईल, असा ढोबळ अंदाज धरावा. पावसाळ्यात त्यावर विसंबू नये.

पॅनेलचा सर्वांत मोठा शत्रू सावली. एका कोपऱ्यावर पडलेली झाडाची, डिश अँटेनाची किंवा छपरावरील पेटीची सावलीही उत्पादन निम्म्याहून खाली आणू शकते, कारण पॅनेलमधील घटक एका माळेत जोडलेले असतात. उन्हाळ्यात गाडी झाडाखाली लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण गारवा आणि वीज एकाच वेळी मिळत नाहीत. धुळीचा थर हे दुसरे कारण. तो पहाटे, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने काढावा.

भरदुपारीही चार्जिंग शून्य असेल तर पॅनेलच्या वायरवर व्होल्टेज आहे का, नियंत्रकावर बॅटरीचे व्होल्टेज दिसते का आणि मधला फ्यूज शाबूत आहे का, या क्रमाने पाहावे. नियंत्रक जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी. हा क्रम उलटल्यास काही नियंत्रक जळतात.

खुद्द बॅटरीची परीक्षा

तिन्ही मार्ग निर्दोष ठरल्यावरच संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भरलेल्या आणि काही तास विसावलेल्या बॅटरीवर पंखा, दिवे आणि फ्रिज यांचा भार टाकावा. १२.७ वरून आकडा थोडा उतरून स्थिर राहिला तर बॅटरी ठीक आहे. काही मिनिटांतच तो १२ च्या खाली घसरला तर तिची क्षमता गेली आहे. विश्रांतीतही आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर सहापैकी एक कक्ष निकामी झाल्याचे ते लक्षण आहे.

पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटर अधिक नेमके सांगतो. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत आम्लाची घनता २७ अंश सेल्सिअसला सुमारे १.२४० आणि वाहनाच्या बॅटरीत १.२८० च्या जवळ असते. बॅटरीवर छापलेला आकडा प्रमाण मानावा. आकडा सर्व कक्षांत सारखाच कमी असेल तर बॅटरी फक्त भरलेली नाही. एकाच कक्षात तो इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर तो कक्ष खराब आहे आणि बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, तरीही उभ्या वाहनात ती उतरत असेल तर गुप्त उपसा शोधावा. रेडिओची स्मृती, गॅस-गळतीचा इशारा देणारे यंत्र, चालू राहिलेला इन्व्हर्टर अशी उपकरणे सतत वीज घेतात. केवळ ५० मिलिअँपिअरचा उपसा महिन्याला ३६ अँपिअर-तास होतो. निष्कारण चालू राहिलेला मोठा इन्व्हर्टर याच्या कित्येक पट खातो. एकेक फ्यूज काढत मीटर पाहिल्यास दोषी मार्ग सापडतो.

लिथियमचे वेगळे नियम

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असते आणि तिच्या क्षमतेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग वापरता येतो. तिच्यावर वर दिलेले विश्रांतीचे आकडे लागू पडत नाहीत. ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून तिच्यासाठी आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवणारा शंट मॉनिटर हवा.

या बॅटरीत संरक्षक यंत्रणा अंतर्भूत असते. अतिउपसा किंवा अतिउष्णता झाल्यास ती बॅटरीला बाहेरच्या जगापासून तोडते आणि टर्मिनलवर शून्य किंवा नाममात्र व्होल्टेज दिसते. अशी बॅटरी ‘मेलेली’ नसते. लिथियमसाठी बनविलेला चार्जर जोडल्यावर ती बहुधा पुन्हा जागी होते. लिथियम बॅटरी साध्या रिलेने थेट अल्टरनेटरला जोडणे मात्र धोक्याचे आहे. ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते. इंदूर किंवा भोपाळच्या वाहतूक कोंडीत, इंजिन मंद गतीत आणि पंख्याचा वारा कमी असताना, अल्टरनेटर तापून जळू शकतो. प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर येथे ऐच्छिक नाही.

खारी हवा आणि कोरडे ऊन

गोव्यातील वाहन भोपाळला जाते तेव्हा ते दोन हवामानांचा मार एकाच प्रवासात सोसते. किनाऱ्यावरील खारट, दमट हवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढविते आणि वायरच्या आतपर्यंत तांबे काळे करते. त्यातच पावसाळ्याचे चार महिने वाहन बहुधा उभे असते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. दिवाळीनंतर प्रवासाला निघणारी बॅटरी अनेकदा जुलै-ऑगस्टमध्येच आजारी पडलेली असते.

भोपाळची अडचण उलट. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि बंद वाहनातील बॅटरीची पेटी त्याहूनही तापते. सर्वसाधारण नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले तर शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. उष्णतेत तिला कमी व्होल्टेज हवे असते. दर अंशामागे सुमारे ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी. २५ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४५ अंशांना १३.९ पुरे. तापमान-संवेदक नसलेला चार्जर उन्हाळ्यात बॅटरी उकळत ठेवतो आणि पाणी झपाट्याने आटते. गोव्यात दोन महिन्यांनी पाहिलेली पाण्याची पातळी तेथे दर पंधरवड्याला पाहावी लागते.

जीविताची काळजी

चार्जिंगच्या वेळी शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी स्फोटाला पुरते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी पलंगाखाली, बंद जागेत ठेवण्याची जी पद्धत स्वस्त रूपांतरांत दिसते, ती म्हणूनच घातक आहे. पेटीला बाहेर उघडणारी वायुवीजनाची नळी हवी आणि पन्नास किलोंच्या आसपास वजनाची ही वस्तू पट्ट्यांनी जखडलेली हवी. अचानक ब्रेक लागल्यास ती जागची सुटता कामा नये.

काम करण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. काढताना ऋण टर्मिनल आधी आणि जोडताना ते शेवटी, हा क्रम पाळल्यास पान्याचा धक्का चासीला लागून ठिणगी उडत नाही. प्रत्येक बॅटरीच्या धन टर्मिनलपासून जवळच फ्यूज असावा. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण ती दोन्हीकडून जिवंत असते. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनविणे होय. डोळ्यांत आम्ल उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडून लगेच रुग्णालय गाठावे. जनरेटर वाहनात किंवा खिडकीलगत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतील माणसाला तो जागे होऊ देत नाही.

देखभालीचे वेळापत्रक

प्रवासापूर्वी दोन आठवडे विश्रांतीतील व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचे दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे आणि सौर नियंत्रकाचा दुपारचा प्रवाह एका वहीत लिहून ठेवावा. हे निरोगी अवस्थेतील आकडे हाताशी असले की बिघाडाच्या दिवशी तुलना करता येते. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. सोड्याचे पाणी कक्षात जाणार नाही, ही दक्षता घ्यावी.

प्रवासात दररोज सकाळी एकदा व्होल्टेज पाहावे. शिसे-आम्ल बॅटरी आठवड्यातून किमान एकदा, मुक्कामाच्या विजेवर, पूर्ण भरू द्यावी. केवळ छोट्या फेऱ्यांवर ती शंभर टक्क्यांना पोहोचत नाही, कारण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. भोपाळच्या आठवडाभराच्या मुक्कामात एक रात्र वीजजोडणी असलेल्या जागी काढणे एवढ्यासाठीच हितावह. पाणी डिस्टिल्डच घालावे, तेही पूर्ण चार्जिंगनंतर. आम्ल कधीही घालू नये. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच चार्जिंगआधी त्या बुडतील इतके पाणी द्यावे.

पावसाळ्यात वाहन उभे करताना मास्टर स्विच बंद करावा आणि शिसे-आम्ल बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण भरावी किंवा योग्य फ्लोट चार्जरवर ठेवावी. लिथियम बॅटरी मात्र निम्म्याच्या आसपास भरून, सर्व भार तोडून ठेवणे बरे. बॅटरीचे देयक आणि वॉरंटी कार्ड वाहनातच असावे. जुनी बॅटरी भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

परक्या शहरात गॅरेजची पायरी चढावी लागलीच, तर ‘बॅटरी उतरते’ एवढेच न सांगता तीन आकडे सांगावेत: पहाटेचे विश्रांतीतील व्होल्टेज, इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवरील व्होल्टेज आणि त्याच क्षणी मागच्या बॅटरीवरील व्होल्टेज. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला निम्मे निदान एवढ्यावरूनच होते. पुढच्या बॅटरीवर १४.२ आणि मागच्या बॅटरीवर १२.९ असे आकडे असतील, तर दुरुस्ती नव्या बॅटरीची नसून वाटेतील एखाद्या गंजलेल्या जोडाची, सुटलेल्या रिलेची किंवा मुक्या चार्जरची आहे, हे ग्राहकालाही तेथेच कळते.